दिवाळीच्या आत वाचता व्हावा

दुसरीच्या हजेरीपटावर एक आडवी ओळ असते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बऱ्यापैकी भरलेली. दिवाळीची सुट्टी संपते आणि त्या ओळीत गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात, त्या थेट मे महिन्यापर्यंत. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, कुठल्याही तालुक्यात कातकरवाडीजवळच्या शाळेत जा आणि पट उघडा. अशी ओळ बहुधा सापडेल. आईवडील कोळशाच्या भट्टीवर किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात आणि लेकरू त्यांच्याबरोबर गेलेलं असतं.

तीसहून अधिक वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांवरच्या शाळांत शिकवलं. त्यातली पहिली दहा वर्षं मी त्या ओळीकडे पाहून एकच म्हणायचे : पोरगा शाळेत येतच नाही तर शिकवू कशी? ती माझी चूक होती. जूनपासून दिवाळीपर्यंतचे चार-साडेचार महिने तो माझ्यासमोर बसलेला असायचा, आणि ते महिने मी 'अ अननसाचा' करण्यात घालवत होते. हा लेख त्या महिन्यांविषयी आहे. वाडीतल्या अंगणवाडीच्या ताई, पहिली-दुसरीचे शिक्षक, बारावी होऊन घरी असलेली मुलंमुली, मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले काका-काकू, यांपैकी कोणीही तो वाचावा आणि कामाला लागावं. बी.एड.ची गरज नाही. रोज अर्धा तास देता आला पाहिजे, आणि तो रोज देता आला पाहिजे.

मुलग्यांविषयीच का लिहिते, तेही सांगते. मुलींचे प्रश्न वेगळे आहेत आणि कमी नाहीत. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेच्या दाराशी उभी राहिलेली मुलगी मी खूप पाहिली. पण सात-आठ वर्षांचा कातकरी मुलगा दोन्हीकडून लवकर सुटतो. घरात तो हाताशी आलेला गडी ठरतो : बापाबरोबर कुर्ल्या धरायला, लाकडं गोळा करायला. शाळेत तो मस्तीखोर ठरतो. मागच्या रांगेत बसतो, अडलं तरी विचारत नाही, आणि चौथीपर्यंत फळ्यावरचं चित्रासारखं हुबेहूब उतरवून काढतो. वही सुंदर असते, वाचता एक शब्द येत नाही. अशा वह्यांवर मीसुद्धा 'छान' असा शेरा दिलेला आहे.

या मुलाच्या डोक्यात काही कमी आहे, असं मनात असेल तर ते आधी काढून टाकावं लागेल. 'असर' हे शालेय शिक्षणाचं सर्वेक्षण २००५ पासून गावोगाव मुलांना घरी गाठून वाचायला लावतं. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभरांतल्या फक्त २३-२४ मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता आला. शंभरात पंचाहत्तर मुलं मागे पडतात तेव्हा दोष मुलांच्या जातीजमातीत शोधायचा नसतो, शिकवण्यात शोधायचा असतो. कातकरी मुलावर त्यात आणखी तीन ओझी असतात. शाळेची भाषा त्याच्या घरची नाही. घरात अक्षर वाचणारं कोणी नाही. आणि वर्षातले सहा महिने तो गावात नाही. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती सरकारदरबारी विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून नोंदलेल्या आहेत. त्या नोंदीमागचं रोजचं जगणं असं असतं.

आधी त्याचं बोलणं कागदावर

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. मुलाला विचारा, काल काय केलंस? पहिले दोन-तीन दिवस तो बोलणारच नाही, मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरील. थांबा. तुम्ही तुमचं सांगा : आमच्या मांजरीनं दूध सांडलं, काल रात्री वीज गेली. चौथ्या दिवशी तो बोलेल. समजा म्हणाला, "काल पऱ्यावर कुर्ली धरली." तेच वाक्य, त्यातला एकही शब्द न बदलता, जाड पेनानं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा. त्याच्या घरच्या बोलीतला शब्द आला तर तोच लिहा. 'ओढ्यावर खेकडा पकडला' अशी सुधारणा करू नका. बोट ठेवून त्याच्यासमोर वाचा, मग त्याच्याबरोबर वाचा, मग त्याला एकट्याला वाचू द्या. आपण तोंडानं बोललो ते इथे येऊन बसलं आहे, उद्याही ते इथेच असणार आहे, हे त्याला त्या क्षणी कळतं. ज्या घरात कधी पत्र आलं नाही, वर्तमानपत्र आलं नाही, त्या घरातल्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, याची आपल्यासारख्या पुस्तकांत वाढलेल्या माणसांना कल्पना नसते.

दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर विचारा, यातला 'कुर्ली' कुठला? तो शोधील. मग कात्रीनं वाक्याचे चार तुकडे करा, मिसळा, पुन्हा जुळवायला द्या. आठवडाभरात अशी चार-पाच वाक्यं होतात. ती एका दोऱ्यात ओवून त्याचं पुस्तक करा आणि वर त्याचं नाव लिहा. मग वर्गातली बाकीची मुलंही आपापलं पुस्तक मागायला लागतात.

कोणी विचारील, 'कुर्ली'त रफार आहे, पहिलीच्या मुलाला तो कसा झेपेल? तो शब्द त्याला अख्खा, चित्रासारखा ओळखता येतो, एवढं सध्या पुरे. अक्षरांची फोड करायला वेगळे शब्द घ्यायचे. ते काम याच्या जोडीनंच, रोज पंधरा मिनिटं चालू ठेवायचं.

यासाठी वर्णमालेचा क्रम सोडून द्या. क ख ग घ ङ हा क्रम उच्चाराच्या शास्त्राला धरून आहे, सुंदर आहे, पण वाचायला शिकणाऱ्या मुलाला 'ङ' आणि 'ञ' पहिल्या महिन्यात काय कामाचे? म, क, न, प, ल ही पाच अक्षरं आणि काना एवढं घ्या. तेवढ्यात मका, मामा, काका, नाक, कान, पान, माप, लाल असे शब्द होतात. पाच अक्षरांत मूल शब्द वाचू लागलं पाहिजे; अठ्ठेचाळीस अक्षरं झाल्यावर शब्द, असा हिशेब ठेवला तर दिवाळी येते आणि मूल जातं. दुसऱ्या गटात स, र, ब, ग, त आणि दीर्घ वेलांटी : मासा, साप, बाबा, गरी, सात, तीर. गरी म्हणजे मासे धरायचा गळ. हा शब्द कुठल्या वाचनपाठात मी पाहिला नाही, पण माझ्या वर्गात तो सर्वांत लवकर वाचला जायचा.

यात काही अडचणी हमखास येतात. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, प आणि ष या जोड्या दिसायला सारख्या. एका आठवड्यात जोडीतलं एकच अक्षर शिकवा, दुसरं महिन्याभरानं. ऱ्हस्व वेलांटी तर मुलाला अगदी कोड्यात टाकते. 'किडा'मध्ये वेलांटीचा दांडा क-च्या आधी दिसतो आणि उच्चार मात्र क-च्या नंतर येतो. मूल डावीकडून उजवीकडे बोट नेतं आणि अडखळतं. म्हणून दीर्घ वेलांटी आधी पक्की करा, ऱ्हस्व नंतर आणा. जोडाक्षरांची घाई नको. 'र'ची रूपं (प्र, ट्र, र्क, ऱ्य) तर सर्वांत शेवटी.

बाराखडीविषयी एक सांगते, कारण तिथे माझी स्वतःची फसगत झाली होती. वर्ग एका सुरात क, का, कि, की म्हणतो तेव्हा ऐकायला फार छान वाटतं. पण ते गाणं असतं. पानाच्या मध्येच 'मु'वर बोट ठेवून "हे काय?" असं विचारा. मूल मनात 'म'पासून सूर धरून पोचायचा प्रयत्न करताना दिसलं, तर समजा की त्याला चाल येते, अक्षर येत नाही.

अंगणवाडीत, तीन ते सहा वयात, अक्षरं गिरवून घेण्याची काही गरज नाही. बोटांत अजून तेवढी ताकद नसते. तिथे गाणी, गोष्टी, चित्रं पाहून बोलणं आणि शब्दांचे आवाज ओळखणं पुरेसं आहे : 'म'नं सुरू होणाऱ्या तीन वस्तू सांग, 'मासा'त टाळ्या किती वाजल्या. अंगणवाडीची ताई कातकरी नसेल तर तिनं वाडीतल्या एखाद्या आजीला दुपारी तासभर बोलावून घ्यावं. आजीनं तिच्या बोलीत गोष्ट सांगावी. मुलांचे चेहरे पाहिले की मी असं का म्हणते ते ताईला आपोआप कळेल.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. ढोरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून कुरणात शाळा भरवली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. आज वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून नीलेश निमकर आणि त्यांची 'क्वेस्ट' संस्था बालशिक्षणावर आणि लहान मुलांच्या वाचन-लेखनावर अनेक वर्षं काम करते आहे. कोकणातल्या शिक्षकांनी सुट्टीत तिकडे एक फेरी मारून मुलं कशी वाचतात ते डोळ्यांनी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

नाव घेऊन हाक मारा

शाळेत मुलाला कसं वागवलं जातं, त्यावर त्याचं वाचणं अवलंबून असतं. त्याला त्याच्या नावानं हाक मारा. "ए कातकऱ्या" ही हाक मी शिक्षकखोल्यांतून ऐकलेली आहे. ती ऐकणारा मुलगा त्या क्षणी मनानं वर्गाबाहेर गेलेला असतो. त्याला पुढच्या रांगेत बसवा. हात उगारू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला दोन्हींना मनाई आहे, आणि "तुला काय जमणार" हे वाक्य दुसऱ्या प्रकारात मोडतं.

कोणाला कुठे बसवायचं, हा आपल्या जिल्ह्यातला जुना प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीत लष्करातून निवृत्त झालेले महार पेन्शनर राहत. आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून त्यांना सरकारकडे अर्जविनंत्या कराव्या लागल्या, आणि प्रवेश मिळाला तेव्हाही मुलांना बसायला मिळाली पडवी. ज्या गोपाळबाबा वलंगकरांनी याच दापोलीतून अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली, तेही लष्करातच शिकलेले. पडवी आणि मागची रांग यांत फार अंतर नाही.

मुलाचं लक्ष लागत नसेल, हाक मारली तरी वळून पाहत नसेल, तर आधी कान तपासा. पावसाळ्यात वाहणारे कान वाडीवर सर्रास दिसतात आणि कोणी दवाखान्यात नेत नाही. 'म' आणि 'न'मधला फरक ज्याला ऐकूच येत नाही, त्याला आपण ढ म्हणून मोकळे होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ते कधी येणार हे आरोग्य केंद्रात विचारून ठेवा आणि त्या दिवशी हा मुलगा हजर राहील असं बघा. कान, डोळे, रक्त कमी आहे का, या तीन गोष्टींची नोंद मागून घ्या.

बाप जवळ बसला पाहिजे

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचं गाव. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. लष्करात मुलांना शाळा सक्तीची होती, म्हणून त्या घरात अक्षर आलं. पुढे परळच्या चाळीत एका खोलीत संसार असताना रामजीबाबा स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला मुलाला अभ्यासाला उठवत. भीमरावांची बुद्धी अलौकिक होतीच. पण त्या खोलीत मुलासाठी जागणारा बाप होता, हे मी पालकसभेत दरवेळी सांगत असे.

यावर कातकरी बाप म्हणतो, "बाई, मला कुठं वाचता येतं?" त्याला वाचता येण्याची गरज नाही. संध्याकाळी दहा मिनिटं मुलाजवळ बसायचं, मुलगा वाचील ते ऐकायचं आणि "मग पुढं काय झालं?" एवढं विचारायचं. चूक काढायची नाही, काढता येणारही नाही, आणि ते बरंच आहे. दारूची वेळ व्हायच्या आत ही दहा मिनिटं ठरवून घ्या. हे मी संकोच न करता लिहिते, कारण वाडीतल्या बायकांनीच मला ते सांगितलं.

याहून चांगली एक युक्ती आहे. आठवड्यातून एकदा बापाला बोलतं करा. काथ कसा पाडत, आजा खैराची लाकडं कुठून आणायचा, रानडुकरानं कुणाला कसं पळवलं. कातकरी हे नाव ज्या काथावरून पडलं, तो काथ करणारा माणूस आता वाडीवर क्वचितच भेटतो, पण आठवण असते. बाप सांगतो तशी पाच-सहा वाक्यं लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी तीच मुलाला वाचायला द्या आणि संध्याकाळी त्यानं ती बापाला वाचून दाखवावीत. आपण सांगितलेलं आपला मुलगा कागदावरून वाचतो आहे, हे ऐकताना एक बाप माझ्यासमोर उठून उभा राहिला होता. तो मुलगा त्या वर्षी भट्टीवर गेला नाही. वडिलांनी त्याला आजीजवळ ठेवलं.

मुलगा शाळेतून लवकर सुटण्याचं हे दुखणं सातासमुद्रापलीकडेही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. तिकडची दुःखं आणि इकडची दुःखं एकमेकांशेजारी ठेवून पाहायला त्यांनी आपल्याला शिकवलं. आज अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांविषयी तिथले शिक्षक जे बोलतात ते ऐकलं तर आपल्या शिक्षकखोलीत बसल्यासारखं वाटतं : लवकर शिक्षा, मागची रांग, पुस्तकात आपल्यासारखं कोणी नाही. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिलं की मुलाला पुस्तक हे खिडकीसारखं लागतं तसं आरशासारखंही लागतं. न्यू यॉर्कमध्ये ॲल्विन अर्बी या शिक्षकानं केशकर्तनालयांत मुलांची पुस्तकं ठेवायला सुरुवात केली. मुलगे तिथे वाट पाहत बसतात, पुरुषांच्या सोबतीत असतात आणि तिथे त्यांना कोणी परीक्षा विचारत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका अभ्यासात (तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला) दिसलं की तिसरी ते पाचवीत निदान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या अतिगरीब कृष्णवर्णीय मुलग्यांचं शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. एकच आपला माणूस वर्गात असल्याचा तो परिणाम.

आपल्याकडे याचं काय करता येईल? वाडीतला दहावी-बारावी झालेला कातकरी मुलगा शोधा. एक तरी असतो. तो वनखात्याच्या रोजंदारीवर असेल, डंपरवर असेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याला या मुलांजवळ बसवा. लोकवर्गणीतून त्याला मानधन द्या. फुकट राबवू नका, त्याच्याही घरी चूल आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावेत आणि त्यांत वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असा कायदा आहे. कातकरी पालक समितीत आहे का, आणि असला तर बैठकीला त्याला बोलावणं जातं का, ते बघा. नुसत्या अंगठ्यापुरता तो नको.

पुस्तकांची पेटी पुरुष बसतात तिथे ठेवा. बाजारातल्या सलूनमध्ये, जाळी विणत बसतात त्या पडवीत, देवळाच्या सहाणेजवळ. वीस पुस्तकं पुरतात. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं घ्या, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक घ्या, स्टोरीवीव्हरच्या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी फुकट उतरवून छापून घ्या. त्यात मुलांनी आणि बापांनी सांगितलेली दोऱ्यात ओवलेली पुस्तकंही ठेवा. सगळ्यांत आधी तीच फाटतात. पैशांचा प्रश्न कोकणात सुटतो. गणपतीला चाकरमानी येतात, वाडीवाडीचं मुंबई मंडळ असतं, मंदिराच्या सभामंडपाला ते लाखांनी वर्गणी काढतं. आरती झाल्यावर दोन मिनिटं मागून घ्या आणि पुस्तकांसाठी पाच हजार मागा. मला कोणी नाही म्हटलेलं नाही. मात्र ती पेटी कातकरवाडीच्या मुलांच्या हातापर्यंत पोचली पाहिजे, हे तिथेच बोलून घ्या. चाकरमान्यांच्या वाडीपासून कातकरवाडी पाच मिनिटांवर असते, पण तेवढं अंतर पिढ्यान्‌पिढ्या कोणी ओलांडलेलं नसतं.

सप्टेंबरच्या अखेरीस मूल कुठवर आलं ते बघा. परीक्षा नको. पाच अक्षरं दाखवा, मग पाच साधे शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग आठ-दहा ओळींची गोष्ट. जिथे अडतं तिथून पुढे शिकवा, मग मूल पहिलीत असो की चौथीत. चौथीचा मुलगा अक्षरांवर अडत असेल तर त्याला चौथीचं पुस्तक दाखवत बसण्यात अर्थ नाही. त्याला पहिलीच्या मुलांत बसवूनही लाजवू नका. त्याच्यासारख्या दोघा-तिघांचा वेगळा गट करा. मोठ्या वयाचा हा गट भराभर पुढे जातो, दोन-अडीच महिन्यांत शब्दांवरून परिच्छेदावर आलेली मुलं मी पाहिली आहेत.

भट्टीवर जाताना

दसऱ्याच्या सुमारास मुकादम वाडीवर यायला लागतो आणि उचल वाटली जाते. त्याच आठवड्यात तुम्हीही वाडीवर जा. कोण जाणार, कुठे जाणार, किती दिवस, याची यादी करा. मूल मागे राहू शकेल का, हे आधी विचारा. आजी-आजोबा गावात असतील आणि तीन-चार घरांची मुलं राहणार असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देता येतो. तो ऑक्टोबरमध्ये नव्हे, ऑगस्टमध्येच द्यावा लागतो. कागद हलायला वेळ लागतो. आईबाप मुलाला ठेवायला तयार नसतील तर त्यांना दोष देऊ नका. सात वर्षांचं लेकरू सहा महिने डोळ्यांआड ठेवायला आपणही धजलो नसतो.

मूल जाणारच असेल तर त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्या. त्यावर तो कितवीत आहे, काय वाचू शकतो, हे लिहिलेलं असतं, आणि ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. दाखला नाही, जन्माची नोंद नाही म्हणून कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे पालकांना दोन-तीनदा सांगा. आधार आणि जातीचा दाखला राहिला असेल तर पीएम-जनमन योजनेच्या शिबिराची चौकशी ग्रामपंचायतीत करा. कातकऱ्यांसारख्या समूहांसाठीच ती योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. भट्टी परजिल्ह्यात असेल तर तिथल्या बालरक्षक, म्हणजे शाळाबाह्य मुलांची जबाबदारी घेतलेल्या शिक्षकाचा नंबर शोधा आणि स्वतः फोन करा. दोन शिक्षक एकमेकांशी बोलले की मुलाला शाळेत जागा होते. नुसतं कार्ड बहुधा पिशवीतच राहतं.

हेच सगळं चिरेखाणीवर आलेल्या कर्नाटकातल्या मजुरांच्या आणि आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांच्या मुलांनाही लागू आहे. फक्त तिथे दिशा उलटी असते. ती मुलं आपल्याकडे येतात, आणि भट्टीजवळच्या शाळेनं आपल्या मुलाला बसवून घ्यावं अशी आपण अपेक्षा करतो, तसंच आपण त्यांना बसवून घ्यायचं असतं.

आता मुलाची पिशवी भरा. प्लॅस्टिकची जाड पिशवी घ्या, कारण झोपडी शाकारलेली असते आणि दव पडतं. तिच्यात त्याची स्वतःच्या वाक्यांची दोऱ्यात ओवलेली पुस्तकं ठेवा. दहा छोटी गोष्टींची पुस्तकं ठेवा. त्यांतली सात त्याला वाचता येणारी असावीत आणि तीन थोडी अवघड. एक कोरी शंभर पानी वही, चार पेन्सिली, एक शार्पनर. वहीच्या पहिल्या पानावर शाळेचं नाव आणि तुमचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा, तो त्याला स्वतःला वाचून दाखवायला लावा. आईला सांगा की दर रविवारी संध्याकाळी मुकादमाच्या नाहीतर कोणाच्याही फोनवरून एक मिस्ड कॉल द्यायचा. तुम्ही उलट फोन करा आणि मुलाला एक पान वाचायला सांगा. भट्टीवर आवाज असतो, मागे ट्रॅक्टर चालू असतो, निम्मं ऐकू येत नाही. तरी पान संपेपर्यंत फोन ठेवू नका.